नन्नाचा पाढा म्हणणाऱ्या सहकाऱ्याचे काय करावे?

कोणत्याही कचेरीत, शाळेत, दवाखान्यात किंवा मंडळीच्या कमिटीत असा एक तरी मनुष्य असतो, की ज्याच्यापुढे एखादे काम ठेवताच तो प्रथम नकारार्थी मान हलवितो. "हे जमायचं नाही." "पूर्वी करून पाहिलं आहे, काही उपयोग झाला नाही." "हे माझ्याकडे येत नाही, त्यांना विचारा." काम बिघडले तर त्याला कोणी सांगितलेलेच नसते, आणि काम नीट झाले तर ते फार दिवस टिकणार नसते. हा नन्नाचा पाढा ऐकून आपण थोडे हसतो आणि पुढे जातो. पण त्याच्याकडून काम करून घेण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याला हसून पुढे जाता येत नाही. त्यातून तो ख्रिस्ती असेल, तर त्याच्यापुढे आणखी एक पेच उभा राहतो. सहन करावे, क्षमा करावी, दुर्बळाला आधार द्यावा, हे तो शब्बाथशाळेत लहानपणापासून शिकलेला असतो. मग या मनुष्याला किती दिवस सांभाळून घ्यावे? कठोर झालो तर आपण प्रीती सोडली असे होईल काय? आणि मऊ राहिलो तर न्याय सुटतो, त्याचे काय?

हा प्रश्न आमच्या वाट्याला आला तेव्हा आम्ही त्याचे उत्तर चुकीचे दिले होते. ते कसे, हे आधी सांगतो.

सीमाभागातील एका इस्पितळाच्या कचेरीचे काम आम्ही काही वर्षे पाहत होतो. तेथील भांडाराचे कारकून वयाने आमच्याहून मोठे होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत, आम्हीही म्हणत असू. अण्णा वेळेवर येत, वेळेवर जात, पैशाच्या बाबतीत अगदी स्वच्छ होते. पण जबाबदारीचे नाव काढले, की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. साठ्याच्या रजिस्टरवर सही करण्याची वेळ आली, की ते म्हणत, "साहेब, मोजणी मी एकट्यानं केलेली नाही, मी सही कशी करू?" नवी लाकडी कपाटे आली तेव्हा त्यांना वाळवी लागणार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले. मुदत संपत आलेल्या औषधांची यादी दर महिन्यास करावी असे ठरले, तेव्हा त्यांनी विचारले, "यादी केल्यानं औषधांची मुदत वाढते काय?" सगळे हसले. यादी मात्र झाली नाही.

आम्ही दोन-तीनदा सांगून पाहिले आणि मग सांगणे सोडून दिले. "त्यांचा स्वभावच तसा आहे," असे स्वतःला समजावले. अण्णांचे काम हळूहळू औषधालयातील एका तरुण मुलीकडे गेले. ते आम्ही तिला दिले असेही म्हणता येत नाही. उताराने पाणी जावे तसे ते तिच्याकडे गेले, कारण ती चटपटीत होती आणि नाही म्हणत नसे. महिनाअखेरीस दिवेलागणीपर्यंत थांबून ती बाटल्या मोजी, याद्या करी, मागणीपत्रके लिही. अशी दोन वर्षे गेली. या दोन वर्षांत आम्ही स्वतःला मोठे सहनशील समजत होतो.

एके दिवशी त्या मुलीने राजीनामा आणून टेबलावर ठेवला. कारण विचारले तर प्रथम काही बोलेना. मग खाली मान घालून म्हणाली, "साहेब, अण्णांना तुम्ही सांभाळून घेता, ते चांगलंच आहे. पण त्यांना क्षमा तुम्ही करता आणि त्यांचं काम मी करते. आता मला हे होत नाही."

ती गेली. महिन्याभरातच एका रात्री भांडारात सलाईनची बाटली शिल्लक नाही असे आढळले, आणि गावातील दुसऱ्या दवाखान्यातून धावपळ करून बाटल्या आणाव्या लागल्या. देवाच्या कृपेने रुग्ण बाई वाचली. सकाळी अण्णांना विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मागणीपत्रक माझ्याकडे आलंच नव्हतं." ते खरे होते. मागणीपत्रक लिहिणारी मुलगी गेली होती. आणि ते लिहिणे हे अण्णांचे काम आहे, असे आम्ही दोन वर्षांत त्यांना एकदाही स्पष्टपणे सांगितले नव्हते.

वाचकहो, त्या दिवशी आम्हांस जे उमगले ते असे. आम्ही जिला सहनशीलता म्हणत होतो, तिची किंमत दुसरेच कोणी देत होते. आणखी एक गोष्ट उमगली, ती अधिक बोचणारी होती. अण्णा आपली जबाबदारी टाळीत होते हे खरे. पण त्यांच्याशी समोरासमोर बोलणे ही आमची जबाबदारी होती, आणि ती आम्ही तितक्याच शिताफीने टाळीत आलो होतो. त्यांनी टाळले त्याला आम्ही स्वभाव म्हणत होतो, आणि आम्ही टाळले त्याला प्रीती.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो, आणि पुढे तीनच वचनांनंतर प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा असेही म्हणतो. वरवर पाहता या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. परंतु मूळ ग्रीक भाषेत तेथे दोन निराळे शब्द आहेत. पहिला 'बारोस', म्हणजे ज्याच्याखाली मनुष्य दबून जातो असे जड ओझे. दुसरा 'फोर्तियोन', म्हणजे वाहून नेण्यासाठी असलेला भार. जहाजातील मालासाठीही हा शब्द येतो. आजारपण, शोक, कर्ज, अपमान ही पहिल्या प्रकारची ओझी होत. त्यांना हात लावणे हे आपले कर्तव्यच आहे. पण महिन्याची यादी, रजिस्टरवरची सही, वर्गाची तयारी, हे ज्याचे त्याचे भार आहेत. ते दुसऱ्याच्या पाठीवर चढविले, तर ज्याच्या पाठीवर चढविले त्याच्यावर अन्याय होतो, आणि ज्याच्या पाठीवरून उतरविले त्याचेही नुकसानच होते. आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, असे त्याला दिवसेंदिवस वाटू लागते.

भार कोणाचा हे स्पष्ट नसले, की चांगली माणसेसुद्धा सैल पडतात. रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच शेतकी शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढावयास लावून त्यांचा जोर मोजला होता. ते निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून दोर ओढू लागले, तेव्हा आठ एकट्या माणसांच्या एकूण ताकदीच्या जेमतेम निम्मा जोर भरला. काही जोर ओढण्याचा मेळ न बसल्यामुळे वाया गेला. पण पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांतून दिसले, की गर्दीत माणूस हातही सैल सोडतो. प्रत्येकाने किती काम केले हे वेगळे दिसणार असेल, तर हा सैलपणा पुष्कळच कमी होतो. आमच्या भांडारात 'सर्वांनी मिळून लक्ष ठेवावे' असा कारभार होता. अशा दोराला अण्णांनी नुसता हात लावून ठेवला होता, यात फारसे नवल नाही.

मात्र एखाद्यावर 'नकारी' असा शिक्का मारण्याआधी वरिष्ठाने स्वतःकडेही पाहावे. १ राजे या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात इम्लाचा पुत्र मीखाया याची हकीकत आहे. हा संदेष्टा आपल्याविषयी कधी चांगले बोलत नाही, म्हणून अहाब राजा त्याचा द्वेष करी. चारशे संदेष्टे 'होय' म्हणत असता हा एकटा उलट बोलला. आणि खरा ठरला तो हाच. आपल्या कचेरीतील जो मनुष्य "हे जमणार नाही" म्हणतो, तो कदाचित मीखाया असेल आणि आपण अहाब असू. मग ओळखावे कसे? मीखायाने आपल्या शब्दाची जबाबदारी घेतली. त्याबद्दल त्याला बंदिवासात टाकले, तरी त्याने शब्द फिरविला नाही. नन्नाचा पाढा म्हणणारा मात्र 'नाही' म्हणतो आणि तेथून निघून जातो. त्या 'नाही'पोटी तो काहीच द्यावयास तयार नसतो. म्हणून अशा मनुष्यास विचारावे, "बरे, हे जमणार नाही. मग काय जमेल, आणि त्यातले तुम्ही काय कराल?" ज्याच्यापाशी उत्तर असेल त्याचा नकार मोलाचा समजावा. आता सांगावयास हरकत नाही, अण्णांचे वाळवीविषयीचे भाकीत खरे ठरले!

सलाईनच्या प्रकरणानंतर एका संध्याकाळी कचेरी रिकामी झाल्यावर आम्ही अण्णांना बसवून घेतले. चुकलेल्या भावाशी प्रथम एकांतात बोलावे, मग एकदोघांना बरोबर घ्यावे, आणि त्यानेही न झाल्यास मंडळीपुढे न्यावे, हा क्रम मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने घालून दिला आहे. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. आधी साऱ्या गावाला कळते, आणि त्या मनुष्याला सर्वांत शेवटी. आम्ही प्रथम आमची चूक सांगितली. "अण्णा, तुमचं काम आम्ही दोन वर्षं त्या पोरीकडून करून घेतलं आणि तुम्हांला कधी सरळ बोललो नाही. हे आमचं चुकलं." अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी आमच्या आधीच्या काळातली एक गोष्ट सांगितली. वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्यांनी एकदा न मोजता साठ्यावर सही केली होती. पुढे तूट निघाली. सही अण्णांची, म्हणून कित्येक महिने त्यांच्या पगारातून पैसे कापले गेले. त्यांचे म्हणणे कोणी ऐकूनही घेतले नाही. "तेव्हापासून साहेब, मी कशाला हात लावत नाही आणि कशावर सही करत नाही. घरी पोरंबाळं होती."

ज्याला आम्ही स्वभाव म्हणत होतो, तो असा घडला होता. सेलिगमन आणि मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते, की ज्या कुत्र्यांना काही केल्या विजेचे झटके चुकविता आले नाहीत, त्यांपैकी बरेच पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागीच पडून राहिले. चुचकारून ते उठेनात. त्यांना वारंवार दोरीने ओढून पलीकडे न्यावे लागले, तेव्हा कोठे आपल्या हालचालीने सुटका होते हे त्यांस कळले. ही हताशा प्राणी शिकतो, असे त्या वेळी मानले गेले. पण याच दोघांनी २०१६ साली आपले मत बदलून लिहिले, की दीर्घ त्रासात हातपाय गाळून बसणे ही उपजत गोष्ट आहे. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट, म्हणजे आपल्या करण्याने काही बदलते ही जाणीव. मनुष्य म्हणजे प्रयोगशाळेतला प्राणी नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही एवढे घेण्यासारखे आहे, की केवळ उपदेशाने असा मनुष्य उठत नाही. आपल्या हाताने केलेले काम फळास आलेले त्याने पाहावे लागते. म्हणजेच जबाबदारीला घाबरलेल्या मनुष्यावरचा इलाज जबाबदारीच. पण ती लहान, स्पष्ट आणि त्याच्या ताब्यातली असावी.

येथे मोशेची आठवण होते. जळत्या झुडपापाशी देवाने त्याला कामगिरी सांगितली, तेव्हा त्याने एकामागून एक अडचणी काढल्या. आपण कोण, लोकांना काय सांगावे, ते विश्वास ठेवणार नाहीत, आपली जीभ जड आहे. आणि अखेर, दुसऱ्या कोणास पाठवावे! जबाबदारी टाळणाऱ्यांची बहुतेक सारी कारणे या एका संभाषणात सापडतात. देवाने त्यातील प्रत्येक अडचणीस उत्तर दिले. शेवटच्या नकाराने त्याला रागही आला, आणि तरीही त्याने मदतीस अहरोन दिला. पण काठी मोशेच्याच हाती राहिली. खरी अडचण होती तेवढ्यापुरता सोबती मिळाला; कामातून सुटका मिळाली नाही. आम्ही नेमके याच्या उलट केले होते. अण्णांची काठी काढून घेऊन ती त्या मुलीच्या हाती दिली होती.

मग आम्ही असे ठरविले. मुदतीच्या औषधांचे एक कपाट अण्णांच्या ताब्यात द्यावयाचे. किल्ली त्यांच्याकडे, मोजणी त्यांची, सही त्यांची. खोकी उतरविण्यास व आकडे वाचून दाखविण्यास एक पोरगा सोबत. दर महिन्याच्या पाच तारखेस यादी आमच्या टेबलावर यावी. तूट निघाली तर प्रथम त्यांचे म्हणणे ऐकले जाईल, ऐकल्यावाचून एक पैसाही कापला जाणार नाही. आणि यादी आली नाही तर तसे लेखी कळविले जाईल. हे सारे कागदावर लिहून एक प्रत त्यांना दिली.

पहिल्या पाच तारखेस यादी आली नाही. खरे सांगावयाचे तर तो दिवस अण्णांपेक्षा आमच्याच परीक्षेचा होता. अर्ध्या तासाचे काम, आपणच करून टाकावे, असे दहादा मनात आले. पण त्या दिवशी ते केले असते, तर झालेले सारे बोलणे फुकट गेले असते. आम्ही ठरल्याप्रमाणे पत्र दिले. दुसऱ्या महिन्यास अर्धी यादी आली. तिसऱ्या महिन्यास पूर्ण यादी आली, सुवाच्य अक्षरात, खाली सही. सोबत एक तक्रारही होती, की कपाटाचे बिजागर खिळखिळे झाले आहे. बिजागर आम्ही त्याच दिवशी बदलून घेतले. त्याने काही बदलते, हे अण्णांना दिसले पाहिजे होते.

पुढे अण्णा फार आनंदी झाले असे मुळीच नाही. निवृत्त होईपर्यंत ते कुरकुरत राहिले. पण यादी चुकली नाही, आणि हळूहळू सारे रजिस्टर त्यांच्याकडे परत आले. दुसऱ्याचा स्वभाव बदलून देणे आपल्या हाती नसते, आणि ते आपल्याकडे मागितलेलेही नाही. त्याचा भार त्याला वाहता येईल असे करणे, एवढे आपल्या हाती असते. त्या मुलीला आम्ही पत्र लिहून क्षमा मागितली. ती परत आली नाही, आणि तिने यावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकारही आम्हांला राहिला नव्हता.

इतके करूनही जो हलत नाही, त्याचे काय? असेही प्रसंग येतात. आजारपण असेल, मन खचलेले असेल, तर आधी डॉक्टरांकडे न्यावे. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवाने प्रथम झोप आणि भाकर दिली, कामाचे नंतर सांगितले. पण तसे काही नसता, वेळ, मदत आणि सूचना देऊनही एखादा आपला भार इतरांवरच टाकीत राहिला, तर त्याला त्या कामावरून दूर करणे हा प्रीतीचा भंग नव्हे. मात्र त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून ते करू नये. केंब्रिज विद्यापीठाने डॉ. बेंटली यांच्या पदव्या त्यांचे म्हणणे न ऐकता काढून घेतल्या होत्या. त्या खटल्यात १७२३ साली एका इंग्रज न्यायाधीशाने दाखला दिला तो एदेन बागेचा. आदामाला शिक्षा सांगण्याआधी खुद्द देवानेही त्याला बोलावून विचारले होते. आदामाने हव्वेकडे बोट दाखविले आणि हव्वेने सापाकडे, हे आपण जाणतोच. जबाबदारी टाळण्याचा रोग तितका जुना आहे. पण प्रश्न विचारला गेला, ही गोष्टही तितकीच जुनी आहे.

आणि दूर केले म्हणजे कायमचे टाकले, असेही नाही. पंफुल्याहून मध्येच परत गेलेल्या मार्काला पौलाने पुढच्या फेरीवर बरोबर घेण्याचे नाकारले. बर्णबाने त्याला आपल्याबरोबर नेले. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच मार्काला घेऊन येण्यास पौल सांगतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. नकार देणारा पौल आणि सोबत देणारा बर्णबा, दोघांचाही मार्काच्या घडण्यात वाटा असावा, असे आम्हांस वाटते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना व कमिटीच्या सभासदांना शेवटी एक विनंती आहे. आपल्या मंडळीत जे काम नेहमी एकच बहीण किंवा एकच भाऊ निमूटपणे करीत आला आहे, ते काम मुळात कोणाचे आहे, हे या आठवड्यात एकदा पाहावे. वर्गाच्या हजेरीची वही असेल, नाताळच्या कार्यक्रमाची तयारी असेल, उपासनेनंतर सतरंज्या गोळा करणे असेल. ज्याचे ते काम आहे त्याच्याकडे जावे, एकटे जावे, आणि प्रथम त्याचे ऐकून घ्यावे. मग त्याच्या कामातला एक लहानसा भाग, तारीख ठरवून, त्याच्या हाती परत द्यावा. आणि पहिल्या खेपेस ते काम झाले नाही, तर ते मुकाट्याने आपणच उरकून टाकू नये.